संपूर्ण माणूस, मुक्काम पोस्ट टोकावडे

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली, एक फादर, एक सिस्टर आणि सल्ला द्यायला कायम मोकळे असलेले गावातले म्हातारे, एवढी मंडळी एका आवारात सोडा. संध्याकाळपर्यंत एखादा किस्सा तयार! माझ्याकडे ते इतके साचलेत की मैत्रिणी भेटल्या की "कशी आहेस?" विचारतच नाहीत. थेट म्हणतात, "तात्यांचं नवीन काय?"

तात्यांकडे येतेच. आधी बाकीच्यांची ओळख.

मी जवळच्याच शेणवे गावची. मुंबईतल्या एका कॅथलिक युनिव्हर्सिटीत होस्टेलवर राहून शिकले आणि आता त्याच युनिव्हर्सिटीच्या, मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याच्या सेंटरवर शिकवते. इथे तीन वर्षांचा पदवीचा कोर्स आहे. आजूबाजूच्या गावांतली आणि डोंगरावरच्या आदिवासी वाड्यांमधली मुलं येतात. सेंटरचे प्रमुख फादर आलेक्स. सत्तरीला टेकलेत, आणि त्यांचा आवडता शब्द "हळूहळू". माझा सर्वांत नावडता शब्द? तोच! सिस्टर फिलोमिना होस्टेल आणि हजेरी सांभाळतात. हजेरीच्या बाबतीत त्या देवालाही सूट देणार नाहीत.

आणि कुंपणापलीकडे राहणारे नामदेव तात्या. गावातल्या जुन्या माणसांची बैठक, म्हणजे गावकी, बसली की शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची नात सुवर्णा आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला आहे. ती कशी आली? आजी, म्हणजे तात्यांची बायको, त्यांना न सांगता तिचं नाव घालून गेल्या!

*

सेंटर सुरू झालं तेव्हा गेटवर पाटी लागली: "संपूर्ण माणूस घडवण्यासाठी."

दुसऱ्याच दिवशी सकाळी तात्या पाटीखाली उभे. हातात काठी, कपाळाला आठ्या.

"फादर, जरा भायेर या."

फादर बाहेर गेले.

"ह्ये काय लिवलाय? संपूर्ण माणूस! म्हंजे आमी काय अर्धे हाव?"

मी पुढे सरसावले होते. माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि ते अजिबात नम्र नव्हतं. पण फादरांनी मला हातानेच थांबवलं.

"तात्या, मीसुद्धा अर्धाच आहे," ते म्हणाले. "म्हणून तर गेटच्या आत राहतो!"

तात्यांनी थोडा विचार केला. मग काठी आपटून म्हणाले, "मग ठीक हाय. बरे व्हा लवकर."

*

हसून झालं असेल तर आता मुद्द्याचं सांगते, कारण पुढचे सगळे किस्से, जुने असोत की नवे, त्या एका भांडणाकडेच जातात.

यंदा गावकीने युनिव्हर्सिटीकडे मागणी केली. पदवीचा कोर्स बंद करा आणि त्याजागी तीन महिन्यांचा शिवणकामाचा नाहीतर मोबाइल रिपेअरिंगचा कोर्स सुरू करा. पोरांना लवकर कामाला लावा, पोरींना लवकर घरी पाठवा. मागणी करणारे पहिले कोण? नामदेव तात्या! आणि मुंबईच्या ऑफिसातल्या मोठ्या लोकांनाही ती कल्पना पटायला लागली होती. दिवाळीनंतर येऊन काय ते ठरवू, असं त्यांनी कळवलं.

शिवणकामाला माझा विरोध नाही. माझी आई शिवणकाम करते, तिच्याच मशीनवर माझी फी निघाली. पण आमच्या युनिव्हर्सिटीचं म्हणणं सरळ आहे: माणसाला नुसतं कामापुरतं शिकवून सोडायचं नाही. त्याला स्वतः विचार करता यावा, समोरच्याचं दुखणं कळावं, आपल्या सवयींकडे डोळे उघडून बघता यावं. हे शहरातल्या मुलांसाठी आणि आमच्या मुलांना फक्त स्क्रू ड्रायव्हर? का?

मी फादरांना म्हटलं, "आपण भांडायचं."

फादर म्हणाले, "हळूहळू."

मी म्हटलं, "तुम्ही हळूहळू भांडा. मी जोरात भांडते."

*

आमच्याकडे रोज दिवस मावळताना सगळे अंगणात थोडा वेळ गप्प बसतात. आजचा दिवस मनातल्या मनात पुन्हा एकदा बघायचा. कुठे नीट वागलो, कुठे घसरलो. फादरांच्या परंपरेतली ही फार जुनी सवय आहे. प्रार्थना करायची सक्ती नाही, बोलायला मात्र सक्त मनाई!

सेंटर सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही सगळे माना खाली घालून ओळीने बसलेलो. तेवढ्यात गेट वाजलं. तात्यांच्या घरून आजी आल्या, मागे शेजारच्या दोघी. तिघींच्या डोक्यावर टोपल्या. कोणी काही बोलेना. आजींनी टोपली खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"कोण गेलं गो?"

मला काही कळेना. टोपलीत बघितलं तर पिठलं आणि भाकरी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला! इकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात. इतकी माणसं अंगणात माना खाली घालून गप्प बसलीत म्हटल्यावर त्यांनी दुसरं काय समजायचं?

फादर घाईघाईने उठले. "कोणी गेलं नाही, आजी. आम्ही दिवसभरात आपलं काय चुकलं ते आठवतोय."

आजींनी पदर तोंडावरून काढला.

"त्येला येवढी माणसं कशाला लागतात? आमच्या ह्यांचं एकट्याचं काढायला बसली तर उजाडंल!"

मौन तिथेच संपलं. पिठलं फर्स्ट क्लास होतं. त्या दिवसापासून संध्याकाळी काही मुलांचं निम्मं लक्ष कुंपणाकडे असतं.

*

गावात एक कुजबुज कायम असायची. फादर आहेत, सिस्टर आहेत, म्हणजे पोरांना बाटवणार! गावकीने ठरवलं की आत नक्की काय शिकवतात ते कोणीतरी जाऊन बघायचं. गेले कोण हे सांगायला हवं का?

तात्या येऊन शेवटच्या बाकावर बसले. फादरांचा तास होता, नीतिशास्त्राचा; तो विषय आम्ही दोघं मिळून शिकवतो. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: एखादी रीत बरोबर आहे म्हणून आपण पाळतो, की आपण पाळतो म्हणून ती बरोबर वाटते?

मुलं भांडायला लागली. कोणी लग्नातल्या मानपानाचं काढलं, कोणी पाणवठ्याचं. तात्या काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला आणि तास संपेपर्यंत खाली घेतलाच नाही!

मग गावकी बसली. सगळ्यांनी विचारलं, "काय तात्या, काय शिकवतात?"

"देवाचं नाव अजून निघालं नाय," तात्या म्हणाले. "फादर नुसता प्रश्न विचारतो आनि घरी जातो. मला झोप नाय."

इथेच संपलं असतं. पण पुढच्या आठवड्यात तात्या आले नाहीत, तर सिस्टरांनी सुवर्णाच्या हाती निरोप धाडला: "तुमचे आजोबा न सांगता गैरहजर आहेत. कारण कळवावे."

तात्यांनी उलट निरोप दिला: "भात कापनी."

सिस्टर म्हणाल्या, "ठीक आहे. कारण योग्य आहे."

*

आता हा किस्सा माझ्या आवडीचा. कोर्सच्या दुसऱ्या वर्षात एक आठवडा घरांची अदलाबदल असते. गावातली मुलगी वाडीवरच्या मुलीच्या घरी राहायला जाते, वाडीवरची गावात येते. घरची सगळी कामं करायची, जे शिजेल ते खायचं.

गेल्या वर्षी सुवर्णाची जोडी जमली हिराशी. हिरा वरच्या वाडीची. आवाज खणखणीत, जंगलातल्या वाटा तोंडपाठ. सुवर्णा आनंदाने वर गेली. हिरा पिशवी घेऊन तात्यांच्या दारात आली.

तात्यांनी तिला घालवून दिलं नाही. पण आजींना आत बोलावून हळूच सांगितलं, "तिला ओटीवर वाढ." म्हणजे आत स्वयंपाकघरात नाही, बाहेर!

हिराने ऐकलं होतं. हे ती मला नंतर म्हणाली. ती परत निघणारच होती.

 आजींनी ओटी झाडली. तिथे एक पाट मांडला. मग दुसरा. मग तिसरा. मग मुलगा, सून, नातू, सगळ्यांची ताटं एकेक करून ओटीवर आणली. स्वतःचं ताट हिराच्या शेजारी ठेवलं. तात्या हातपाय धुऊन आत गेले तर आत कोणीच नाही! बाहेर येऊन बघतात तर ओटीवर पंगत.

"ह्ये कोनी ठरवलं?"

"तुमीच बोल्लात ना, ओटीवर वाढ म्हनून," आजी म्हणाल्या. "बसा आता. आमटी निवते."

येणारे-जाणारे रस्त्यावरून बघत होते. तात्या बसले. संपूर्ण आठवडा ते घर ओटीवर जेवलं. शेवटच्या दिवशी पाऊस भुरभुरायला लागला, तेव्हा तात्या स्वतःच ओरडले, "अरे, आत चला की सगळी! त्या पोरीचं ताट भिजतंय!"

*

फादरांनी यंदा एक नवीन तोंडी परीक्षा काढली. नाव, "समोरच्याची बाजू". तुम्हाला जे मत अजिबात पटत नाही ते तुम्ही मांडायचं, आणि तेही ज्याचं ते मत आहे त्याच्यासमोर. त्याने "हो, माझं म्हणणं हेच" असं म्हटलं तरच पास.

मला कल्पना फार आवडली. मुलांसाठी! फादर म्हणाले, "आधी शिक्षक."

आणि त्यांनी माझ्यासमोर कोणाला बसवलं? नामदेव तात्यांना. विषय? पदवी बंद करून मुलींना तीन महिन्यांचा शिवणाचा कोर्स द्यावा!

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मुलं बघत होती. मग मी ठरवलं, करायचं तर नीट करायचं. मी उभी राहिले आणि सुरू झाले. मुली एसटीने येऊन-जाऊन थकतात. घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. तीन वर्षं शिकून नोकरी नाही मिळाली तर मुलीचं तोंड बघवत नाही. आपण आयुष्यभर राबलो, निदान नातीच्या हातात लगेच काहीतरी असावं. म्हाताऱ्या माणसाला वाट बघायला वेळ कुठे आहे?

हे बोलताना मी स्वतःच जरा चमकले. कारण यातलं शेवटचं वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. बोलता बोलता आलं.

तात्या मान डोलावत होते. मला वाटलं, झालं, पास! पण मी वेगात होते. पुढे म्हटलं, "आणि खरं तर मुलींना दहावीपर्यंत तरी कशाला शिकवायचं? चौथी बास! सही आली की पुरे!"

तात्या बाकावरून उठलेच.

"ए बाय! बरोबर हाय, पन येवढं पन नाय!"

वर्ग हसून आडवा झाला. फादरांनी मला नापास केलं. म्हणाले, "शेवटी तू त्यांची बाजू सोडून स्वतःचा राग मांडलास." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग बोलले, कारण ते बरोबर होते. पण हळूहळू बोलले!

*

सगळेच किस्से आपल्या बाजूचे नसतात. आमचा गणेश पदवी घेऊन हायवेवरच्या एका गोदामात लागला. तिथे उंचावर चढताना सुरक्षेचा पट्टा दिला नाही, पण मिळाला म्हणून सही करा, असं मुकादमाने सांगितलं. गणेशने विचारलं, "जे मिळालं नाही त्याची सही कशी करू?" दुसऱ्या दिवसापासून नोकरी बंद.

तात्यांना तेवढंच हवं होतं. गेटवर येऊन मला म्हणाले, "बघ बाय, तुमचा संपूर्ण माणूस संपूर्ण दिवस घरी हाय!"

मी तणतणत वर्गात गेले. 

गणेशने भाड्याने गाडी घेतली आणि मुरबाड-टोकावडे सीटा मारायला लागला. परवा मला मुरबाडहून निघायला उशीर झाला. गणेशची गाडी भरलेली. मी दारात लटकायला गेले.

"मॅडम, जागा नाय. दुसरी बघा."

"अरे, मी आहे! सरका जरा सगळे!"

"गाडी भरली मॅडम. जास्त सीट घेत नाय मी."

"गणेश, माझं लेक्चर आहे!"

त्याने गाडी चालू केली. "नीतिशास्त्राचंच ना?"

आणि गेला! मी रस्त्यावर उभी राहून त्याला शिव्या घालत होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की काय सांगू. लेक्चर बुडालं. सिस्टरांनी माझी गैरहजेरी लावली.

*

शेवटी ते मुंबईचे लोक आले. पांढऱ्या गाडीतून मोठे सर उतरले, आणि त्यांच्या ऑफिसातली एक तरुण मॅडम. मॅडम माझ्याच वयाच्या असतील. मांडीवर लॅपटॉप. सर बोलायचे आणि त्या टाइप करायच्या. दिवसभरात त्यांच्या तोंडून "येस सर" सोडून दुसरं काही आलं नव्हतं.

अंगणात खुर्च्या टाकल्या. एका बाजूला आम्ही आणि मुलं, दुसऱ्या बाजूला गावकी. पुढच्या खुर्चीत तात्या, स्वच्छ टोपी घालून.

सर वाईट नव्हते. गोड बोलत होते, तेच जास्त वाईट! "संपूर्ण माणूस हे आमचंच ध्येय आहे," ते म्हणाले. "पण ग्रामीण भागात आधी पोटापाण्याचं बघायला हवं. गावाचीही तीच मागणी आहे. तेव्हा पदवीचा कोर्स यंदापासून थांबवावा, असं माझं मत झालं आहे."

मॅडमनी ते टाइप केलं.

मी उठले. फादरांनी माझा हात धरला. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "सर, ज्यांचा कोर्स आहे त्यांना तुम्ही एक तरी प्रश्न विचारलात का?"

सर हसले. "विचारतो की. पण तुमच्या मुलांना नको, ती तुमच्याच बाजूने बोलणार." ते तात्यांकडे वळले. "तात्या, तुमचीच मागणी, तुमचीच नात. तीन वर्षं होत आली. सांगा, तिला इथे काय मिळालं? नोकरी लागली?"

"नाय," तात्या म्हणाले.

"कुठे बोलावणं आलंय?"

"नाय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. सुवर्णा माझ्या शेजारी बसली होती. तिने मान खाली घातली. 

"मग नक्की काय मिळालं?" सरांनी विचारलं.

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मागल्या आठवड्यात गावकीत नळाचा विषय होता. एक बाई बोलायला उठली. मी तिला खाली बसवलं. बोल्लो, बायांचं काम नाय. घरी आलो तर ह्या पोरीनं मला पानी दिलं, समोर बसली आनि बोल्ली, आजा, तू चुकलास."

"असं तोंडावर?" सर म्हणाले.

"तोंडावर. आवाज नाय चढवला. रडली नाय. माझं काय म्हननं हाय ते आधी तिनं स्वताच सांगितलं, मग बोल्ली, चुकलास."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? चुकलो व्हतो. सकाळी त्या बाईच्या दारात गेलो, बोल्लो, बोल बाय, आता सांग." तात्यांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली. "सत्तर पावसाळे झाले सायेब. माझ्या म्होरं असं कोन बोल्लं नव्हतं. बायको बोलते, पन ती आडून."

मागून आजी हसल्याचं ऐकू आलं.

सरांनी घसा साफ केला. "ते ठीक आहे तात्या, पण याने पोट—"

"तुमाला हाय का कोन?" तात्यांनी मधेच विचारलं.

"काय?"

"तुमी चुकलात तर तसं तोंडावर सांगनारं. हाय का कोन तुमच्याकडं?"

 सर हसायला गेले, पण ते हसू काही नीट जमलं नाही.

तेव्हा त्या मॅडमनी लॅपटॉप बंद केला. दोन्ही हात त्यावर ठेवले. 

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही चुकताय."

सर त्यांच्याकडे बघत राहिले.  तात्या सावकाश उठले, पाण्याचा तांब्या उचलला आणि सरांच्या पुढे धरला.

"पानी घ्या, सायेब. पयल्या टायमाला जरा लागतं."